यश कशाने मोजावे?

बारावीचे निकाल लागले, की बडोद्यातल्या मराठी संस्थांमध्ये गुणगौरव समारंभांचे दिवस येतात. रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, मांजलपूर अशा वस्त्यांतल्या मंडळांत मुलांची नावे पुकारली जातात. नावापुढे टक्केवारी, टक्केवारीपुढे प्रवेश मिळालेल्या महाविद्यालयाचे नाव, आणि मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागलेली असेल तर कंपनीचे नाव व वर्षाचे पॅकेजही वाचले जाते. मुलांनी कष्ट केलेले असतात, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे, आणि पदरमोड करून हे समारंभ घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी मला आदर आहे. माझा प्रश्न त्या यादीविषयी आहे. मुलाला काय मिळाले, एवढेच तिच्यातून कळते. तो जे शिकतो आहे ते त्याने का निवडले आणि त्याच्या कामाचा कोणाला उपयोग होणार, याविषयी एक ओळही नसते. समाज ज्याला टाळ्या वाजवतो त्यालाच मुले यश समजतात, आणि म्हणून यशाची व्याख्या ही ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडून देण्याची गोष्ट उरत नाही. माझे म्हणणे असे, की एखाद्याचे आयुष्य यशस्वी ठरवताना त्याची मिळकत पाहण्याआधी त्याच्या कामाचे प्रयोजन पाहावे, आणि असे करताना प्रयोजनाच्या नावाखाली कोणाचा मेहनताना बुडणार नाही याचीही तितकीच काळजी घ्यावी.

यशाची कल्पना बदलता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच घरांचा इतिहास पाहावा. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा कोकणातून, देशावरून किंवा खानदेशातून बडोद्याला आले ते गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी. दरबारातली, शाळाखात्यातली किंवा वसुलीखात्यातली जागा, ठरलेल्या तारखेला हाती येणारा पगार आणि शेवटी पेन्शन, इतके पदरी पडले की तो माणूस स्थिरावला, म्हणजेच यशस्वी झाला, असे मानले जाई. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९६० साली गुजरात राज्य झाल्यावर आपण येथे भाषिक अल्पसंख्य झालो. पण शहराभोवती कारखानेही उभे राहिले. १९६२ मध्ये गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी. मुलगा ‘रिफायनरीत लागला’ किंवा ‘आयपीसीएलमध्ये लागला’ या एका वाक्यावर लग्ने ठरत. कायम नोकरी, कंपनीच्या वसाहतीतले घर, दवाखान्याची सोय आणि भविष्यनिर्वाह निधी हे यशाचे दुसरे रूप होते. २००२ साली आयपीसीएलची निर्गुंतवणूक झाली, म्हणजे सरकारने ती खासगी हाती दिली, तोपर्यंत कायम नोकरी या कल्पनेचाच पाया खचू लागला होता, आणि तिची जागा पुणे-बंगळुरूच्या पॅकेजने व अमेरिका-कॅनडाच्या व्हिसाने घेतली.

म्हणजे तीन-चार पिढ्यांत आपण यशाचे माप दोन वेळा बदलले आहे. प्रत्येक वेळी ते बदलण्यामागे समजण्याजोगे कारण होते, आणि मुळाशी भीती होती. परक्या मुलखात आपल्यामागे जमीन नाही, नातेवाइकांचा गोतावळा दूर आहे, तेव्हा शिक्षण आणि नोकरी एवढाच आधार, हे त्या घरांचे गणित होते. त्या गणिताने अनेक कुटुंबांना हलाखीतून वर काढले. मात्र ज्या भीतीपोटी हे माप स्वीकारले ती पुष्कळ घरांत आता उरलेली नाही; स्वतःचे घर आहे, आई-वडिलांची बचत आहे, आरोग्यविमा आहे. तरीही मुलांपुढे आपण पणजोबांच्याच असुरक्षिततेची भाषा बोलतो आणि त्या भाषेत ‘पुरे’ या शब्दाला जागा नसते.

या मापाचा मोठा दोष असा, की बहुतेकांना अयशस्वी ठरवल्याशिवाय ते चालतच नाही. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सुमारे एक लाख दहा हजार होत्या. सर्व मुलांनी दुप्पट अभ्यास केला असता तरी जागा तेवढ्याच राहिल्या असत्या आणि बावीस-तेवीस लाख मुले बाहेरच राहिली असती. परीक्षेला निवड करावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु निवडीच्या एका यंत्रणेचा निकाल म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा निकाल, असे घराघरांत मानले जाते तेव्हा त्याची किंमत भयंकर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या सगळ्या परीक्षेमुळे झाल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. कारणे अनेक असतात. पण आपण नापास झालो म्हणजे आपला कोणालाच काही उपयोग नाही, हा विचार ज्या मुलाच्या मनात रुजतो त्याला तो आपण मोठ्यांनीच दिलेला असतो.

दुसरा दोष मला याहून गंभीर वाटतो. मिळकतीच्या मापाला माणसाने केलेले नुकसान दिसत नाही. निवृत्त माणसाला आयुष्यभराच्या बचतीवर नियमित व्याज हवे असते आणि बँकेतला तरुण अधिकारी त्याला दहा वर्षे पैसे अडकवणारी विमा पॉलिसी गळ्यात मारतो, कारण तिमाहीचे टार्गेट पुरे करायचे असते. टार्गेट पुरे होते, प्रोत्साहन रक्कम मिळते, बढतीही मिळते. आपल्या यादीत तो तरुण यशस्वी म्हणूनच जातो, आणि त्याच शाखेत ‘काका, ही योजना तुमच्यासाठी नाही’ असे सांगून टार्गेट चुकवणारी त्याची सहकारी मागे पडते. तो तरुण मनाने वाईट असेलच असे नाही. पण त्याच्या घरी, नात्यात किंवा मंडळात कोणीही त्याला हे पैसे कशाचे, असे विचारलेले नसते.

पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य अशा चर्चेत सहज म्हटले जाते. मी ते म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. अमेरिकेत डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली असे मांडले होते, की वर्षाला सुमारे पंचाहत्तर हजार डॉलर मिळकतीनंतर रोजच्या जगण्यातले समाधान वाढेनासे होते. हा निष्कर्ष जगभर लोकप्रिय झाला. मात्र पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या अभ्यासात वेगळे दिसले, आणि २०२३ मध्ये कानेमन यांनी त्यांच्याबरोबर काम करून दुरुस्ती मांडली, ती अशी, की बहुतेक लोकांचे समाधान मिळकतीबरोबर वाढतच राहते. जे मुळात फार दुःखी आहेत त्यांच्याच बाबतीत एका टप्प्यानंतर पैसा उपयोगी पडत नाही. तेव्हा पैसा तुच्छ आहे असे सांगून प्रयोजनाची बाजू मांडता येत नाही, आणि तशी मांडण्याची गरजही नाही. समाधान हा एक प्रश्न आहे आणि आयुष्य कशासाठी वेचले हा दुसरा. आजारी आईची अनेक वर्षे शुश्रूषा करणाऱ्या मुलीला त्या काळात रोज सुख वाटत नसते, पण ती वर्षे वाया गेली असेही ती म्हणत नाही.

मग प्रयोजन म्हणजे नेमके काय? पुष्कळ जण त्याचा अर्थ आवड असा घेतात आणि मुलांना ‘आवडीचे काम कर’ असा उपदेश करतात. आवड चांगलीच, पण ती स्वतःभोवती फिरते आणि ती बदलतेही. माझ्या दृष्टीने कामाला प्रयोजन आहे असे तेव्हा म्हणावे, जेव्हा त्या कामाची कोणाला तरी खरी गरज असते, करणाऱ्याला ती ठाऊक असते, आणि ज्याच्यावर त्या कामाचा परिणाम होतो त्याच्यासमोर उभे राहून त्याला ते काम सांगता येते. यासाठी फार मोठे किंवा त्यागाचे काम लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी व्रझेस्नीव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले, की कार्यालयीन साहाय्यकाचे एकसारखे काम करणाऱ्यांतही काही जण त्याकडे केवळ पगार म्हणून, काही जण पुढच्या पदाची पायरी म्हणून, तर काही जण स्वतःत मोलाचे असलेले कार्य म्हणून पाहत होते, आणि या तिन्ही गटांचे प्रमाण साधारण सारखेच होते. हुद्द्यावरून प्रयोजन ठरत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

बडोद्यात याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. शाळेत शिकलेली मुले पुढे वाचायला काहीच न मिळाल्यामुळे शिकलेले विसरतील, ही अडचण लक्षात घेऊन १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावण्यात आले आणि गावोगावच्या ग्रंथालयांची योजना सुरू झाली. गावाने जितकी वर्गणी जमवायची तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालायची, अशी तिची रचना होती. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. महाराजांचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच आहे. पण ही योजना चालली ती मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकामुळे, ज्यांनी खेड्यापाड्यांत वाचनालये उभी करण्यात आयुष्य घालवले. बॉर्डन परत गेल्यावर खात्याची धुरा वाहणाऱ्या जनार्दन सखाराम कुडाळकरांमुळे. आणि ज्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत अशा कारकुनांमुळे. पेटीतली पुस्तके मोजून घेणे, यादी करणे, गाडीवर चढवणे आणि परत आल्यावर फाटलेली पाने चिकटवणे हे त्यांचे काम होते. आजच्या भाषेत त्यांचे पॅकेज सांगण्यासारखे नसणार. पण ज्या खेड्यात पहिल्यांदा छापील पुस्तक आले त्या खेड्यासाठी त्यांच्या हातून झालेले काम एखाद्या मोठ्या हुद्देदाराच्या कामापेक्षा कमी यशस्वी होते, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

याच शहरात याच काळात घडलेली दुसरी घटना मात्र या विचाराला मर्यादा घालते. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार नोकरी करण्यासाठी बडोद्याला आले. जातीमुळे त्यांना शहरात कोठेही घर मिळाले नाही, कचेरीत शिपाई लांबूनच कागद टाकत, आणि ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कमाटीबागेत बसून त्यांनी जो निर्धार केला, त्याची आठवण म्हणून ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पदवी, परदेशी शिक्षण आणि सरकारी पद ही यशाची तिन्ही प्रमाणपत्रे हाती असताना समाजाने ती एका क्षणात निरुपयोगी ठरवली. जे लोक म्हणतात की यश ज्याच्या त्याच्या मेहनतीवर असते, त्यांनी हा प्रसंग विसरू नये. आणि जे लोक प्रयोजन महत्त्वाचे असे म्हणतात, त्यांनीही, म्हणजे मीही, हे विसरू नये, की आपले प्रयोजन निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळालेले नाही. बाबासाहेबांनी सुखाची नोकरी सोडून त्याग निवडला असे सांगणे हा त्या घटनेवर अन्याय आहे. त्यांना ती नोकरी करू दिली गेली नाही.

म्हणूनच प्रयोजनाचा गौरव करताना मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती त्याच्या गैरवापराची. सेवाभाव, पवित्र कार्य, राष्ट्रउभारणी हे शब्द वापरून कमी पैशांत काम करून घेणे आपल्या देशात अंगवळणी पडले आहे. २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या आशा कार्यकर्तींना २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सन्मानित केले. पण सरकारी व्याख्येत त्या स्वयंसेविका, आणि त्यांना पगार नव्हे, मानधन मिळते. अंगणवाडी सेविकांचे काम १९७५ पासून चालू आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि ते प्रकरण आपल्या गुजरातमधलेच होते. खासगी शाळांतल्या शिक्षिका, रुग्णालयांतल्या परिचारिका, संस्थांतले कार्यकर्ते यांनाही ‘तुम्ही पैशासाठी थोडेच करता’ असे ऐकावे लागते. ज्या कामाला समाज अर्थपूर्ण म्हणतो त्याला त्याने योग्य मोबदलाही दिला पाहिजे. मोबदला न देता केलेला गौरव माणसाला गप्प बसवण्यासाठी असतो. मी सुचवतो ते माप स्वीकारायचे असेल तर ही अट त्यातून वगळता येणार नाही.

घरातल्या कामाविषयीही हेच म्हणावे लागेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे काम आपल्या यशाच्या कोणत्याही यादीत नाही. स्थळांची टिपणे पाहा. मुलाचे शिक्षण, कंपनी, पगार, फ्लॅट, व्हिसा यांचे रकाने असतात. आई ‘गृहिणी’ या एका शब्दात संपते. आणि आज बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत ज्येष्ठ दांपत्ये एकटी राहतात, कारण दोन्ही मुले परदेशी आहेत. परदेशी गेलेल्या मुलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपणच त्यांना त्या वाटेला लावले, आणि तेथे अनेक जण खरोखर मोलाचे काम करत आहेत. परंतु रात्री छातीत दुखू लागल्यावर त्या काकांना रिक्षात घालून रुग्णालयात नेणारा, भरतीचा फॉर्म भरणारा आणि सकाळी घरी जाऊन आंघोळ करून पुन्हा कामावर जाणारा शेजारचा मुलगा बहुधा तोच असतो, जो ‘इथेच राहिला, फार काही करू शकला नाही’ म्हणून ओळखला जातो. हे वाक्य आपण निदान उच्चारणे तरी थांबवले पाहिजे.

अर्थ आणि प्रयोजन ही पोट भरल्यावरची चर्चा आहे, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो पटत नाही. पहाटे उठून वीस जणांचे डबे करणारी आणि त्यातून मुलीची फी भरणारी बाई आपण कोणासाठी राबतो आहोत हे अगदी नेमके जाणते. कशासाठी, हा प्रश्न बहुधा तिला पडत नाही, तो भरल्या घरातल्या मुलाला पडतो आणि त्याला उत्तर द्यायला जवळ कोणी नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रयोजन मोजता येत नाही, आणि प्रयोजनाच्या नावाने ढोंगही पुष्कळ चालते. हे खरे आहे. समाजसेवक म्हणवून घेणाऱ्यांत स्वार्थी माणसे असतात, आणि एखाद्या ध्येयाने पेटलेली माणसे इतरांचे फार नुकसानही करू शकतात. म्हणून आपले प्रयोजन थोर आहे, हे ज्याचे त्याने ठरवून चालणार नाही; ज्यांच्यासाठी ते काम आहे त्यांनाच विचारले पाहिजे. शिक्षक कसा आहे हे त्याचे जुने विद्यार्थी सांगतील, डॉक्टर कसा आहे हे रुग्ण सांगतील, आणि बांधकाम व्यावसायिक कसा आहे हे पावसाळ्यात त्याच्या इमारतीत राहणारे सांगतील. ही साक्ष आकड्यांत बसत नाही, पण टक्केवारीपेक्षा ती पुष्कळ खरी असते.

यातून करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत आणि आपल्या हातातल्या आहेत. गुणगौरव समारंभ बंद करू नयेत. पण त्याच व्यासपीठावर दरवर्षी काही नावे अशी असावीत, जी शिफारशीवरून आली आहेत, आणि ती शिफारस नातेवाइकांनी केलेली नसून त्या कामाचा लाभ झालेल्यांनी केलेली आहे. मार्गदर्शन शिबिरांत अभियंते आणि संगणकतज्ज्ञ यांच्याबरोबर परिचारिका, वायरमन, ग्रंथपाल, शेतीचा व्यवसाय करणारे तरुण यांनाही बोलावून त्यांच्या कामाचा दिवस कसा असतो आणि त्यात घर चालते का, हे दोन्ही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. आणि ज्या मंडळांच्या स्वतःच्या बालवाड्या, ग्रंथालये किंवा संस्कारवर्ग आहेत त्यांनी सर्वांत आधी तेथे काम करणाऱ्या ताईंचे मानधन काढून पाहावे. सभागृहाला वातानुकूलन बसवण्यासाठी देणगीदार मिळतात. त्याच देणगीदारांपुढे बालवाडीच्या शिक्षिकेला किमान वेतन, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी देण्यासाठी कायम निधीचा प्रस्ताव ठेवता येईल, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो घालण्यासाठी एका सभासदाचे पत्रही पुरेसे होईल.